काजळीचा डोंगरप्रवास

पौषातली पहाट आहे असे समजा. भंडारदऱ्याच्या धरणाजवळ, शेंडी गावाच्या वरच्या अंगाला एखाद्या टेकाडावर तुम्ही कानटोपी घालून उभे आहात. खाली घरोघर चुली पेटल्या आहेत आणि कौलांतून धूर निघतो आहे. तो सरळ आभाळात जाईल असे आपल्याला वाटते. पण तसे होत नाही. घराच्या वर थोडा चढतो, कुणी वाट अडवावी तसा थबकतो आणि आडवा पसरू लागतो. बघता बघता जलाशयाच्या अंगावर निळसर धुराची एक पातळ चादर तयार होते. डोंगरांचे माथे त्या चादरीच्या वर स्वच्छ दिसतात, खाली मात्र सगळे धूसर.

आता त्याच जागी अकरा-साडेअकराला पुन्हा जा. चादर नाहीशी झालेली असते. आपण म्हणतो, ऊन चढले, धूर विरला. पण मंडळी, ‘विरला’ म्हणजे नेमके काय झाले? साखर पाण्यात विरली म्हणून ती काही नाहीशी होत नाही; पाणी गोड लागतेच. धुराचेही तसेच आहे. तो डोळ्यांना दिसेनासा होतो, एवढेच. मग तो जातो कुठे? या एका साध्या प्रश्नाचा माग काढत आज आपल्याला शेंडीच्या टेकाडावरून थेट गंगोत्रीच्या बर्फापर्यंत जायचे आहे.

प्रथम प्रवासाला निघणाऱ्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. धुरात अनेक पदार्थ असतात. त्यांतला आपला आजचा पाहुणा म्हणजे काजळी. तिची ओळख शास्त्रज्ञांच्या आधी आपल्या आज्यांना झाली. तेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हन पालथे धरायचे, ज्योत ताम्हनाला चाटू द्यायची. थोड्या वेळाने आतल्या बाजूला मखमलीसारखा काळा थर बसतो. त्यात तूप घातले की झाले बाळाच्या डोळ्यांचे काजळ. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली असती, तर तेलातला सगळा कार्बन जळून वायू झाला असता. हवा कमी पडली, आच मोडली, म्हणून काही कार्बन तसाच अर्धवट, काळ्या कणांच्या रूपाने मागे राहिला. ओले लाकूड, भिजलेल्या गोवऱ्या, काळा धूर ओकणारा जुना डिझेलचा ट्रक, वीटभट्टी, शेतात पेटवलेले पाचट, गावाबाहेर धुमसणारा कचरा, या सर्वांतून हीच काजळी बाहेर पडते. शास्त्रज्ञ तिला काळा कार्बन म्हणतात.

तिचे तीन गुण ध्यानात ठेवा. पहिला, ती अतिशय बारीक असते. हवेत तरंगणारा तिचा कण बहुधा आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान असतो. त्यामुळे ती धुळीसारखी लगेच खाली बसत नाही. वारा नेईल तिकडे जाते. दुसरा गुण, ती काळी आहे. म्हणजे ऊन पिते. तिसरा गुण काजळ घालणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ताजी काजळी पाण्याने सुटत नाही, तेलच लावावे लागते. हवेतही तसेच घडते. ताज्या काजळीला पाण्याचे फारसे आकर्षण नसते. काही काळाने तिच्यावर इतर पदार्थांचे पुट चढते, मग ती पाण्याला धरते आणि पावसाबरोबर खाली येते. म्हणून पाऊस नसेल तर ती हवेत काही दिवस, साधारणपणे आठवडाभर राहू शकते. आठवड्याभरात वारा केवढा पल्ला गाठतो याचा विचार करा!

आता वाहन पाहू. हे वाहन म्हणजे दरीतला वारा. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात दरीय वारे आणि पर्वतीय वारे असे दोन शब्द येतात. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. खरे म्हणजे डोंगराळ भागातल्या मुलाला हे पुस्तकातून शिकण्याची गरजच नाही. ते त्याच्या दारात रोज घडते.

सूर्य उगवला की डोंगराचा उतार तापू लागतो. उताराला टेकलेली हवा त्याबरोबर तापते. तापलेली हवा हलकी होते आणि उताराला धरून वर सरकू लागते. तिची जागा घ्यायला दरीतली हवा पुढे येते, आणि दरीतल्या हवेची जागा घ्यायला खालच्या सपाटीवरची हवा दरीत शिरते. यात आणखी एक गंमत आहे. सपाटीवर आणि दरीवर ऊन सारखेच पडते. पण दोन्ही बाजूंच्या डोंगरांनी दरीतली जागा व्यापलेली असल्यामुळे तिथे तापवायची हवा कमी असते. एकाच चुलीवर हंडाभर पाणी आणि तांब्याभर पाणी ठेवले, तर आधी कोणते तापेल? तांब्याभर. तशीच दरीतली हवा सपाटीवरच्या हवेपेक्षा अधिक तापते आणि खालची हवा आपल्याकडे ओढून घेते. म्हणजे दिवसा प्रत्येक दरी एक आडवे धुराडे बनते. त्याचे तोंड खाली मैदानाकडे आणि टोक वर शिखराकडे.

सूर्य मावळला की खेळ उलटतो. उतार निवतात, त्यांना टेकलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून दरीत ओघळते. रात्रभर दरीच्या तळाशी गार हवेचे जणू तळे साचते, आणि त्याच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर असतो. नेहमी वर जावे तसे गार होते; इथे उलटे. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची जड हवा या झाकणातून वर जाऊ शकत नाही. पहाटे चुलीचा धूर थबकून आडवा का पसरतो, याचे उत्तर हे झाकण आहे. ऊन चढले की झाकण उघडते, चढता वारा सुरू होतो आणि रात्रभराचा कोंडलेला धूर उताराला धरून वर निघतो. भंडारदऱ्याच्या जलाशयापासून कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यापर्यंत सुमारे नऊशे मीटरांची चढण आहे. आपल्याला ती चढताना धाप लागते. वारा ती रोज विनासायास चढतो.

तुम्ही म्हणाल, रात्री वारा उलटा फिरतो ना? मग वर गेलेली काजळी परत खाली येत असेल, हिशोब फिटला! पण हिशोब फिटत नाही. दिवसा वर गेलेल्या हवेतला काही भाग शिखराच्याही वर जातो आणि तिथल्या मोठ्या वाऱ्यांच्या हाती लागून दूर निघून जातो. काही काजळी वरच झाडांवर, खडकांवर, आणि बर्फ असेल तर बर्फावर बसते. उरलेली तेवढी खाली येते, आणि दुसऱ्या दिवशी नव्या काजळीसह पुन्हा वर निघते. एखाद्या कारकुनाने रोज थोडी रक्कम वर पाठवावी आणि त्यातली थोडीच परत यावी, तसा हा व्यवहार चालतो. वर शिल्लक साचत जाते.

हा प्रवास केवळ गावातल्या चुलींच्या धुराचा नाही. भंडारदऱ्याच्या पश्चिमेला घाटघरच्या कड्यापाशी सह्याद्री संपतो आणि खाली कोकण दिसते. कल्याण-भिवंडीचा गजबजलेला पट्टा इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा कोकणपट्टी ओलांडून घाटाच्या भिंतीशी येतो आणि घळी, खिंडी, दऱ्या यांतून वर चढतो. वारा कडा चढतो हे ज्याला खरे वाटत नाही, त्याने पावसाळ्यात नाणेघाटात जावे. तिथे कड्यावरून खाली पडू पाहणारे पाणी वारा पुन्हा वर फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. आपल्या अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून हलकी वस्तू खाली टाकली तर तीही परत वर येते. जो वारा पाण्याचे थेंब वर नेतो, त्याला काजळीचा कण कसला जड?

म्हणूनच डोंगरावरची हवा मोजणे शास्त्रज्ञांना महत्त्वाचे वाटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हवेतल्या सूक्ष्म कणांची मोजमापे केली आहेत, आणि २०१२ साली महाबळेश्वरला उंचावरच्या ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारली. कारण ढगाचा प्रत्येक थेंब कुठल्या तरी सूक्ष्म कणाभोवतीच जमतो. तेव्हा खालून वर काय येते हे कळल्याशिवाय ढग पुरता कळायचा नाही.

आपल्या सह्याद्रीत काजळी वर गेली तर ती खडकावर आणि झाडाच्या पानावर बसते. पुढे मृगाचा पाऊस येतो आणि डोंगर धुऊन काढतो. पण ज्या डोंगरावर बर्फ आहे, तिथे काय होते? ते समजण्यासाठी आधी हिमनदी म्हणजे काय हे समजून घ्यावे लागेल. आणि भंडारदऱ्याच्या माणसाला ते समजावणे फार सोपे आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. हे धरण काय काम करते? रतनगडाच्या परिसरात चार महिने जो धो धो पाऊस पडतो, तो अडवून ठेवते आणि पुढे थोडा थोडा सोडते. प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस आणि गहू या साठ्यावर उभा असतो. धरण नसते तर पावसाळ्यात पूर आणि चैत्रात कोरडी वाळू, असे झाले असते. हिमालयात हेच काम माणसाने न बांधलेले एक धरण करते, ते म्हणजे हिमनदी. उंचावर पडलेले हिम वर्षानुवर्षे साचते, आपल्याच भाराने दाबून बर्फ होते आणि अतिशय संथ गतीने उताराने सरकत राहते. तिच्या खालच्या टोकाशी बर्फ वितळते आणि नदी सुरू होते. गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिच्या गोमुख या टोकातून भागीरथी बाहेर पडते. पाऊस नसलेल्या कोरड्या, तापल्या दिवसांत डोंगरातल्या माणसांना आणि शेतांना या वितळत्या बर्फाचा आधार असतो.

आपल्या धरणाला आणि या धरणाला एक मोठा फरक आहे. आपल्या धरणाचे दरवाजे पाटबंधारे खाते उघडते. हिमनदीचा दरवाजा उघडते ते ऊन. आणि ऊन किती शिरू द्यायचे हे ठरते बर्फाच्या रंगावर.

ताजे हिम पांढरेशुभ्र असते. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी ऐंशी ते नव्वद भाग ते परत फेकते. उन्हाळ्यात आपण पांढरे कपडे घालतो ते याच कारणासाठी. अशा हिमावर काजळी बसली, की त्याचा रंग मळतो. कित्येकदा तो इतका थोडा मळतो, की डोळ्यांना कळतही नाही. परत फेकला जाणारा प्रकाश समजा नव्वदावरून पंच्याऐंशीवर आला. तुम्ही म्हणाल, पाचच भागांचा तर फरक! पण गणित दुसऱ्या बाजूने मांडा. आधी बर्फ शंभरातले दहा भाग पीत होते, आता पंधरा पिते. म्हणजे पोटात जाणारी उष्णता दीडपट झाली. दिसायला पाच टक्के, परिणामाला दीडपट. हा हिशोब शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवावा असा आहे.

आणि गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. वरचे हिम वितळले की त्यातले पाणी वाहून जाते, पण काजळीचा बराच भाग वरच राहतो. दूध आटवताना साय जशी वर गोळा होत जाते, तशी काजळी वितळत्या पृष्ठावर दाट होत जाते. वितळू लागलेल्या हिमाचे कण मोठे होतात आणि मोठे कण आणखी ऊन पितात. शेवटी खालचे जुने, मळकट बर्फ किंवा काळा खडक उघडा पडतो, आणि तो तर ऊन पिण्यात सर्वांचा आजोबा. एकदा सुरू झालेली ही गोष्ट अशी आपल्याच पायांनी पुढे चालू लागते.

आता पुराव्याकडे येऊ. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली गंगोत्री आणि गोमुख यांच्या दरम्यान चीडबासा येथे, सुमारे ३,६०० मीटर उंचीवर, हवेतली काजळी मोजली. तिथे ना कारखाना, ना मोठे शहर. तरीही काजळी सापडली. मे महिन्यात एका घनमीटर हवेत सरासरी सुमारे ०.८४ मायक्रोग्रॅम, तर ऑगस्टमध्ये फक्त ०.०९. म्हणजे मे महिन्यात ऑगस्टच्या नऊपट! एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सा. शहराच्या मानाने हे आकडे लहानच आहेत. पण काजळीचे थोडकेपण बर्फावर कसे महाग पडते, ते आपण आताच पाहिले.

हे आकडे ऐकून चौकस माणसाच्या मनात एक शंका यायला हवी. उत्तर भारताच्या मैदानात धुराचे खरे दिवस म्हणजे मार्गशीर्ष-पौष. त्या दिवसांत दिल्लीपासून पाटण्यापर्यंत धुके आणि धूर यांची दुलई पसरलेली असते. मग गंगोत्रीजवळ काजळी थंडीत सर्वांत जास्त असायला हवी. ती मे महिन्यात का? उत्तर आपण शेंडीच्या टेकाडावर पाहिले आहे. थंडीत मैदानावर झाकण असते. धूर पुष्कळ, पण तो जमिनीलगत कोंडलेला. उन्हाळ्यात जमीन तापते, झाकण उघडते, हवा उंच उंच चढते आणि दऱ्यांची धुराडी जोराने ओढू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत मैदानात गव्हाचे काड पेटवले जाते आणि हिमालयाच्या उतारावर जंगलांना वणवे लागतात. आणि नेमके तेच दिवस बर्फ वितळण्याचे! म्हणजे मळ नेमका वितळणीच्या हंगामात अंगावर येतो. ऑगस्टमध्ये काजळी का कमी, हे तर कुणीही सांगेल. पाऊस हवा धुऊन काढतो.

एव्हरेस्टच्या पायथ्याशी, नेपाळच्या खुंबू खोऱ्यात, ५,०७९ मीटर उंचीवर २००६ सालापासून इटली आणि नेपाळ यांच्या सहकार्याने एक वेधशाळा चालवली गेली. तिथे दिवसभराच्या नोंदी पाहताना असे आढळले, की पावसाळ्याआधीच्या दिवसांत सकाळी हवा स्वच्छ असते. दुपारी दरीतून वारा चढू लागला की काजळीचा आकडा वाढतो. रात्री पुन्हा उतरतो. शेंडीच्या टेकाडावरचा तोच रोजचा क्रम जगातल्या सर्वांत उंच पर्वताच्या दारातही चालतो. दक्षिण अमेरिकेत चिली देशाची राजधानी सान्तियागो अशीच अँडीज पर्वताच्या पायाशी, डोंगरांनी वेढलेल्या खोलगटात वसली आहे. तिच्या धुराला मायपो नदीची दरी वाट देते आणि वर हिमनद्या आहेत. त्या शहरात २०१४ आणि २०१६ साली फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांच्या दिवशी घरोघर कोळशावर मांस भाजण्याचा सोहळा एवढा झाला, की हवेतल्या सूक्ष्म कणांनी उच्चांक गाठला. खेळाचा आनंद खाली, त्याची काजळी वर!

इथे एक खुलासा करतो, कारण अर्धवट माहिती हीसुद्धा एक काजळीच आहे. हिमनद्या मागे हटत आहेत त्याचे मुख्य कारण पृथ्वीचे एकूण तापमान वाढणे हे आहे, आणि ते प्रामुख्याने कोळसा, तेल व वायू जाळून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे वाढते आहे. काजळी त्या आगीत तेल ओतते. तसेच, भंडारदऱ्याच्या चुलीची काजळी गोमुखावर जाऊन बसते, असेही मी म्हणत नाही. गंगोत्रीच्या बर्फाला प्रामुख्याने उत्तरेकडचा धूर भोवतो. माझे म्हणणे इतकेच, की नियम दोन्हीकडे एकच आहे. खाली जाळलेले खालीच राहते, ही आपली समजूत चुकीची आहे.

या नियमाला माणसांच्या व्यवहाराचीही एक बाजू आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या लोकांना ती वेगळी सांगायला नको. डोंगरात पडलेले पाणी खाली जाते आणि खालची शेते पिकवते. गोमुखाजवळचा गावकरी आणि खुंबूमधला शेर्पा यांचेही पाणी असेच खाली जाते. डोंगर आपल्याला पाणी देतो. आणि आपण मैदानातली, शहरातली माणसे त्याला परत काय पाठवतो? धूर. ज्याच्या अंगणात काजळी पडते, त्याने ती केलेली नसते. ज्याने केली, त्याला ती पडलेली दिसत नाही. म्हणून हा केवळ विज्ञानाचा धडा नाही, शेजारधर्माचाही आहे.

मग करायचे काय? इथे काजळीचा एक गुण आपल्या उपयोगी पडतो. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग हवेत शतकानुशतके राहतो. आपल्या पणजोबांच्या काळातला अजून आपल्या डोक्यावर आहे. काजळी मात्र आठवडाभराची पाहुणी. आज ती करणे थांबवले तर पुढच्या पंधरवड्यातच हवा तिच्यापुरती निवळते. इतके रोख फळ देणारी कामे जगात थोडी!

पहिले काम चुलीचे. चुलीचा धूर डोंगरावर जाण्याआधी आपल्या आईबहिणींच्या छातीत जातो. तेव्हा हिमनदी राहू द्या, केवळ घरच्या माणसासाठीसुद्धा हे काम करण्यासारखे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे खेड्यापाड्यांत गॅसची जोडणी पोचली. पण टाकी पुन्हा भरून आणणे परवडत नाही म्हणून अनेक घरांत चूल सुटलेली नाही, हेही खरे आहे. त्या बाईला दोष देऊन काही साधत नाही. जिथे चूल आहे तिथे लाकूड वाळलेले असावे, बारीक फोडलेले असावे, चुलीत हवा खेळावी आणि धुराला वाट असावी. ज्योत स्वच्छ तर काजळी कमी आणि सरपणही कमी.

दुसरे काम शेतातले. प्रवरेच्या खालच्या खोऱ्यात ऊस तुटला की पाचट पेटवून देण्याची सवय आहे. ते पाचट सरीत आच्छादन म्हणून कुजवले तर ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळते. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची रीत बसवली. तिला २००२ साली इंग्लंडचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. जे जाळून टाकतो तेच इंधन म्हणून विकता येते, असा त्याचा अर्थ. वरच्या डोंगराळ भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यामागे तणाचे बी मरावे आणि राख मिळावी असा पिढ्यांचा अनुभव आहे, त्याला हसू नये. पण पर्यायही तयार होत आहेत. नेरळच्या सगुणा बागेत श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या पद्धतीत गादीवाफ्यावर थेट बी टोकतात, रोपे वेगळी करावीच लागत नाहीत. ज्याला जमेल त्याने एका गुंठ्यावर करून पाहावे आणि मगच बोलावे.

तिसरे काम शहराचे, आणि सर्वांत मोठे काम तेच आहे. काळा धूर सोडणारी वाहने, उघड्यावर जाळला जाणारा कचरा, जुन्या पद्धतीच्या भट्ट्या, यांचा बंदोबस्त खेड्यातला माणूस करू शकत नाही. पण काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला शेकडो गाड्या येतात. त्या पाहुण्यांना ‘उभी गाडी चालू ठेवू नका, निघताना कचरा पेटवू नका’ एवढे तर आपण यजमान म्हणून निश्चित सांगू शकतो.

शेवटी शिक्षकांसाठी दोन प्रयोग. पहिल्याला एक उदबत्ती पुरे. शाळेजवळच्या उतारावर एक जागा ठरवा. सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि सायंकाळी सात या वेळी तिथे उदबत्ती पेटवून धूर कोणत्या दिशेला जातो ते मुलांनी वहीत लिहावे. वर, खाली की आडवा. थंडीतल्या निरभ्र दिवसांत महिनाभर नोंद ठेवा. काही दिवस वारा फसवील, जोराचा वारा असला तर नियम मोडल्यासारखा दिसेल. तीही नोंद करा. महिन्याअखेर दरीचा श्वास मुलांच्या वहीत उतरलेला दिसेल. दुसरा प्रयोग बर्फाचा. बाजाराच्या दिवशी गोळेवाल्याकडून बर्फाचे सारख्या आकाराचे दोन तुकडे आणा. एकावर दिव्याची काजळी चिमूटभर भुरभुरवा, दुसरा तसाच ठेवा. दोन सारख्या ताटल्यांत दोन्ही उन्हात ठेवा आणि ठरावीक वेळाने ताटलीतले पाणी मोजा. हे होईपर्यंत मुलांना काहीही सांगू नका. पाणी कुठे जास्त हे त्यांनीच बघावे, आणि का ते त्यांनीच विचारावे.

तो प्रश्न त्यांनी विचारला, की त्यांना पहाटे टेकाडावर घेऊन जा. चुलींचा धूर जलाशयावर आडवा पसरलेला दाखवा, आणि ऊन चढेपर्यंत तिथेच बसवून ठेवा. चादर हळूहळू फाटू लागेल, उताराला धरून वर सरकू लागेल. एखादा मुलगा नक्की म्हणेल, “गुरुजी, धूर गेला.” तेव्हा त्याला एवढेच विचारा, “कुठे गेला?”